कूपनाच्या मापाची रायफल

अमेरिकेत अख्खी रायफल दुकानातून विकत आणणाऱ्या माणसाला शौकीन मंडळी मनातून थोडं गरीबच समजतात. पैशाने नव्हे, कल्पनेने. दुकानात जायचं, बोट दाखवायचं, फॉर्म भरायचा, पैसे मोजायचे आणि पेटी गाडीत टाकून घरी यायचं, यात पुरुषार्थ तो काय? खरा शौकीन सुटे भाग जमवतो. नळी एका राज्यातून, दस्ता दुसऱ्यातून, चाप तिसऱ्यातून, आणि प्रत्येक भाग सवलतीत. मग गॅरेजमध्ये बसून तो त्यांची रायफल जुळवतो. या उद्योगाला ‘बिल्ड’ म्हणतात. ह्यूस्टनच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो, तिथल्या आमच्या शेजारीबुवांचं असंच एक बिल्ड चालू आहे. तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, जन्मभर पाइपलाइनी जोडलेला माणूस. रायफल अजून झालेली नाही. पैसे मात्र, त्यांच्याच हिशेबाप्रमाणे, भरपूर वाचले आहेत.

माझं स्वतःचं शस्त्रज्ञान दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापाशी थांबलेलं. त्यामुळे बुवांनी माझी शिकवणी सुरू केली. मला त्यातलं काही कळत नाही आणि मी मधे बोलत नाही, हे दोन्ही गुण त्यांच्या घरात दुर्मीळ असल्यामुळे मी त्यांचा आवडता विद्यार्थी झालो.

पहिला धडा इतिहासाचा. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात, साक्षात हॉलिवूडमध्ये, आर्मालाइट नावाची छोटी कंपनी होती. यूजीन स्टोनर यांच्या आराखड्यावरून तिथे ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वापरून एक हलकी रायफल तयार झाली, तीच एआर-१५. कंपनीकडे पैशाची चणचण. १९५९ मध्ये तिने या रायफलीचे हक्क कोल्ट कंपनीला विकून टाकले. पुढे लष्कराने तिला एम-१६ म्हणून खांद्यावर घेतलं, आणि हॉलिवूडचं ते बाळ जगप्रसिद्ध झालं ते दत्तक घरी. म्हणजे या रायफलीच्या बाबतीतला पहिला मोठा सौदा खुद्द जन्मदात्यांनीच केला, आणि फायद्याचा ठरला तो विकत घेणाऱ्याला. “तेव्हापासून हिच्या नशिबातच सेल आहे,” असं बुवा म्हणतात.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस पेटंटची मुदत सरली आणि नागरिकांसाठीची, एका चापाला एकच गोळी झाडणारी एआर-१५ कुणीही बनवावी अशी सोय झाली. लष्कराची मापं आधीच ठरलेली, त्यामुळे टेक्सासच्या कारखान्यातला बोल्ट ॲरिझोनाच्या नळीला बसतो. निदान बसावा अशी अपेक्षा असते. या अपेक्षेवर अमेरिकेत हजारो गॅरेजं उभी आहेत आणि त्यांतल्या गाड्या बाहेर उन्हात उभ्या आहेत.

दुसरा धडा कायद्याचा, आणि तो ऐकून मी पहिल्यांदा खुर्चीत नीट बसलो. या रायफलीला साधारण शंभर लहानमोठे भाग. त्यांपैकी कायद्याने रायफल कोणती? फक्त एक भाग. चाप ज्यात बसतो तो ॲल्युमिनियमचा सांगाडा, लोअर रिसीव्हर. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने हा सांगाडा म्हणजेच बंदूक असं ठरवलं. त्याच्यावर नंबर कोरलेला, तो परवानाधारक दुकानदाराकडून घ्यायचा, फॉर्म ४४७३ भरायचा आणि एफबीआयच्या यंत्रणेकडून आपली कुंडली तपासून घ्यायची. बाकी नळी, बोल्ट, चाप, दस्ता हे सगळं केंद्रीय कायद्याच्या लेखी लोखंडी सामान. ते टपालाने येतं आणि कुरिअरवाला पायरीवर ठेवून घंटी न वाजवता निघून जातो. ज्या नळीतून गोळी निघते ती बंदूक नाही, आणि ज्यातून काहीच निघत नाही तो रिकामा सांगाडा मात्र बंदूक.

त्यातही गंमत अशी की अख्खी रायफल दुकानदार अठराव्या वर्षी विकू शकतो, पण नुसता सांगाडा घ्यायचा तर ग्राहक एकवीस वर्षांचा हवा. सांगाड्याला ना नळी ना दस्ता, म्हणून तो रायफल या सदरात मोडत नाही. फॉर्मवर तो ‘इतर’ या रकान्यात जातो आणि इतरांना वयोमर्यादा जास्त. बुवांना हे अगदी रास्त वाटतं. “तयार रायफल कुणीही पोरसवदा हाताळू शकतो,” ते म्हणाले, “सुटे भाग घ्यायला पोक्तपणा लागतो.”

आपल्याकडे याच्या बरोबर उलट. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भाग येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. मी हे सांगितल्यावर बुवा कळवळले. बंदुका दोनच, याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. “मग तुमच्याकडची माणसं रविवारी करतात काय?” एवढंच त्यांनी विचारलं.

आता पोक्तपणाचा एक नमुना. एका परराज्यातल्या दुकानात सांगाडा ४० डॉलरला लागला होता. बुवा पहाटे उठून तो घेते झाले. पण कायद्याने तो घरी येऊ शकत नाही. जवळच्या परवानाधारक दुकानदाराकडे येतो, आणि तो दुकानदार कागदपत्रांचे पैसे घेतो. तेव्हा ४० डॉलर किंमत, १५ डॉलर पाठवणी, ३० डॉलर दुकानदाराची फी आणि सव्वाआठ टक्क्यांनी ३.३० डॉलर विक्रीकर. एकूण ८८.३०. तोच सांगाडा त्याच दुकानदाराच्या कपाटात ८० डॉलरला होता. कर धरून ८६.६०. बुवांनी बिल घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, “पण हा ४० ला मिळाला.” त्यांचं दुःख वेगळंच होतं. २०१८ पर्यंत परराज्यातून मागवलेल्या मालावर पुष्कळदा विक्रीकर लागत नसे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वेफेअर खटल्यात राज्यांना तो वसूल करायची मुभा दिली. तो निकाल लागला त्या दिवसाबद्दल बुवा असं बोलतात की घरात कुणी गेलं असावं असं वाटावं.

सर्वोच्च न्यायालयाचा आणि या मंडळींचा ऋणानुबंध जुना आहे. अर्धवट घडवलेला सांगाडा बंदूक मानायचा की नाही, हा प्रश्न ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायमूर्तींपुढे आला. तेव्हा न्यायमूर्ती अलिटो यांनी विचारलं की ओट्यावर अंडी, चिरलेलं हॅम, मिरची आणि कांदा मांडून ठेवला तर त्याला ऑम्लेट म्हणायचं का? त्यावर न्यायमूर्ती बॅरेट यांनी विचारलं की असं सगळं सामान एखाद्या कंपनीने एका खोक्यात घरपोच पाठवलं तर? देशातल्या सर्वोच्च पीठावर शस्त्रास्त्रांचा खटला असा स्वयंपाकघरात गेला. मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला की अशा सामानावर सरकारला नियम करता येतात. बुवांचं सामान नंबरी आणि फॉर्म भरून घेतलेलं, त्यामुळे त्यांना धास्ती नव्हती. त्यांच्या पत्नी, आमच्या शेजारीणबाई, मात्र तो वृत्तान्त वाचून म्हणाल्या, “ओट्यावर इतकी वर्षं सामान मांडून ठेवलं तर त्याला ऑम्लेट म्हणत नाहीत. फेकून देतात.”

बाजारात उतरल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की सांगाडे विकणारे ब्रँड अगणित, पण ॲल्युमिनियमचे कच्चे ठोकळे ठोकून देणारे कारखाने मोजके. तेच ठोकळे, तोच ७०७५ जातीचा मिश्रधातू, तीच मापं. प्रत्येक कंपनी तो ठोकळा कोरते, वर आपला छाप उठवते आणि किंमत ठरवते. कवटीचा छाप महाग, सापाचा त्याहून महाग, आणि इतिहासातल्या कुठल्यातरी योद्ध्याचं शिरस्त्राण असेल तर विचारूच नका. बुवा तत्त्वनिष्ठ, छापाचे पैसे देणार नाहीत. ते ‘ब्लेम’ घेतात. ब्लेम म्हणजे ज्याच्या रंगात कुठेतरी ओरखडा, डाग किंवा फिकटपणा आहे आणि म्हणून जो दहा-वीस डॉलरने उतरवलेला आहे तो माल. खोकं आलं की बुवा भिंग घेऊन तो डाग शोधतात. सापडला तर चरफडतात. सापडला नाही तर जास्तच चरफडतात, कारण मग सवलत कशाची मिळाली हे कळत नाही.

काही दुकानदार किंमत सांगतच नाहीत. कारखान्याने घालून दिलेल्या किमतीपेक्षा कमी भाव जाहीर करायची त्यांना बंदी असते, म्हणून ते म्हणतात, वस्तू आधी टोपलीत टाका, मग भाव दिसेल. टोपलीत टाकली की भाव दिसतो आणि टोपलीतली वस्तू परत काढायला जीव धजत नाही. मग खाली ओळ येते, की आणखी १४ डॉलरची खरेदी केलीत तर पाठवणी फुकट. फुकटच्या कोथिंबिरीसाठी मेथीच्या चार जुड्या घेणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचं सांगायला नको. आठ डॉलर पाठवणी वाचवायला बुवांनी चौदा डॉलरचे स्प्रिंगांचे संच घेतले. असे संच त्यांच्याकडे आता इतके आहेत की पोळपाटाएवढ्या डब्यात मावत नाहीत.

स्प्रिंगांचा मात्र उपयोग आहे. या रायफलीत पेन्सिलीच्या टोकाएवढी एक खुंटी आणि तिच्यामागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ती बसवताना बोट जरा सरकलं की खुंटी सुटते आणि गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नाहीशी होते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की फक्त हरवणाऱ्या भागांचे वेगळे संच विकायला असतात. बुवांच्या रायफलीतून आजवर जे काही उडालं आहे ते एवढंच.

आता मुख्य अडचण. सवलत कधी योग्य भागावर येत नाही. बुवांना हवा होता सोळा इंची नळीला साजेसा मध्यम लांबीचा गॅस मार्ग. सेल लागला आखूड मार्गाच्या नळीवर. ती घेतली. मग गॅसची नळीही आखूडच हवी. पण मध्यम लांबीची गॅस नळी आदल्या महिन्यातच अर्ध्या किमतीत घेऊन ठेवलेली. दस्ता ज्या पोकळ दांड्यावर सरकतो तो लष्करी मापाचा म्हणजे १.१४८ इंच जाडीचा, आणि स्वस्तात मिळालेला दस्ता बाजारी मापाचा, १.१६८ इंचाचा. फरक दोन शतांश इंचांचा. पण दस्ता असा खुळखुळतो की बुवांची सून त्यांच्या नातवाला तो खेळायला द्यावा का असं विचारून गेली. मग बाजारी मापाचा दांडा शोधायचा. सवलतीत, अर्थातच.

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या स्पर्धेतल्या रायफलींचे फोटो मी बुवांना दाखवले. गालाला टेकायची पट्टी वरखाली होते, खांद्याकडचा भाग हवा तसा वळतो, सगळं त्या नेमबाजाच्या अंगाबरहुकूम. बुवांनी कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, “याला हे सगळं कुठल्या सेलमध्ये मिळालं?” ती रायफल माणसाच्या मापाची असते हे त्यांना पटवता आलं नाही. त्यांची स्वतःची रायफल कूपनाच्या मापाची आहे. कूपन आखूड, म्हणून गॅसची नळी आखूड. कूपन जाड, म्हणून दांडा जाड. रंगसुद्धा वाळवंटी, कारण काळ्यावर सवलत नव्हती.

बंदुकांच्या भावाचं शास्त्र शेअर बाजारापेक्षा सोपं आहे आणि जास्त उलटं आहे. बंदुकांवर बंधनं घालू म्हणणारा उमेदवार जिंकला की भाव चढतात, कारण लोक बंदी यायच्या आत घेऊन ठेवतात. बंदुकांचा कैवारी जिंकला की भाव कोसळतात, कारण आता घाई कसली? २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन येणार असं धरून व्यापाऱ्यांनी गोदामं भरली. आले ट्रम्प. माल पडून राहिला, सेलवर सेल लागले, आणि मार्च २०१८ मध्ये दोन शतकं जुनी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्या वर्षी खुद्द कोल्टने नागरिकांसाठीच्या एआर-१५ चं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, बाजारात माल फार झाला म्हणून. मग महामारी आली. २०२० मध्ये एफबीआयच्या यंत्रणेने ३ कोटी ९७ लाखांच्या आसपास तपासण्या केल्या आणि जी गोळी काही सेंटांना मिळे ती पुढच्या वर्षी डॉलरच्या घरात गेली. आपण मत कुणाला देता हे बुवांना विचारायचं नसतं. पण आपला माणूस निवडून आला तर तत्त्व जिंकतं आणि समोरचा पडला म्हणून सेल लागतो, असा दुहेरी आनंद त्यांना एकदाच मिळाला, आणि त्याची तारीख त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवली आहे.

एक तेजी अशी आहे की तिच्याबद्दल गॅरेजमध्ये थट्टा होत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं याच जातीच्या रायफलीने मारली गेली. देश सुन्न होता आणि बंदीच्या धास्तीने दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत होत्या. कुठला भाग कधी किती होता हे बुवांना तोंडपाठ आहे, पण त्या महिन्यांचे भाव ते सांगत नाहीत. “तेव्हा मी काही घेतलं नाही,” म्हणतात आणि पान्हा पुसत बसतात. मीही पुढे विचारत नाही.

किंमत न बदलण्याचा विक्रम मात्र सरकारच्या नावावर आहे. १९३४ साली, गँगस्टरांच्या जमान्यात, मशीनगन, आखूड (आताच्या नियमाने सोळा इंचांहून कमी) नळीच्या रायफली आणि आवाज दाबणारी नळकांडी यांच्यावर केंद्राने २०० डॉलर कर बसवला. त्या काळी ती रक्कम ऐकूनच माणूस बेत रद्द करी. नंतर दूध चढलं, घरं चढली, कॉलेजची फी तर दिसेनाशी झाली, पण हे २०० डॉलर नव्वद वर्षं २०० च राहिले. महागाईने हात न लावलेली अमेरिकेतली ही बहुधा एकमेव गोष्ट. मग २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफली आणि नळकांडी यांच्यावरचा कर शून्य झाला. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे, मंजुरीची वाट पाहणं सगळं तसंच. फक्त पैसे नाहीत. शंभर टक्के सूट!

बुवांना आखूड नळीची गरज कधीच नव्हती. पण नव्वद वर्षांतला सर्वांत मोठा सेल दारात आल्यावर घरात बसून राहणं हा त्यांना सरकारचा अपमान वाटला. त्यांनी साडेदहा इंची नळी मागवली. नियम असा की मंजुरी हातात आल्याशिवाय आखूड रायफल जोडायची नाही. तो वाचून त्यांचा चेहरा उजळला. जोडणी का रखडली आहे, याला आजवर त्यांच्याकडे बायकोला सांगण्यासारखं कारण नव्हतं. आता केंद्र सरकारचं कारण मिळालं.

परदेशी मालात सौदे बरे मिळतात, पण तिथे अमेरिकेची स्वदेशी चळवळ आडवी येते. रुमानियासारख्या देशांतून एके रायफलींचे संच येतात. त्यांचा सांगाडा कापून तुकडे केलेला असतो आणि बाकी सामान शाबूत. त्यांची पुन्हा रायफल करायची तर नियमातल्या वीस भागांच्या यादीपैकी दहापेक्षा जास्त परदेशी चालत नाहीत. बाकीचे देशी लावा. बुवांचे एक मित्र नियमाने भाग मोजत बसतात, आणि रुमानियाचा सुरेख लाकडी दस्ता काढून त्याजागी ओहायोचं प्लास्टिक लावताना, आम्ही एकेकाळी मँचेस्टरचं कापड पेटवलं होतं, हे मी त्यांना सांगून धीर देतो.

खरेदीची खरी पंढरी ओक्लाहोमातलं टल्सा. तिथे वर्षातून दोनदा जो बंदुकांचा बाजार भरतो, त्यात एका छपराखाली चार हजारांहून जास्त टेबलं असतात. बुवा एकदा मला घेऊन गेले. पहिल्या तासाभरात मला कळलं की तिथे निम्मी माणसं विकायला आली आहेत, निम्मी बघायला, आणि घेणारे सगळे ‘परत येताना बघतो’ म्हणून पुढे जाणारे. घासाघीस अतिशय सभ्य. विकणारा म्हणतो ९०. घेणारा वस्तू उलटी करून बघतो आणि हवामानाबद्दल बोलतो. विकणारा म्हणतो ८५. घेणारा आपल्या आजोबांबद्दल बोलतो. तुळशीबागेत वाढलेला माणूस मी, न राहवून म्हणालो, “पन्नासला द्या, नाहीतर चाललो.” टेबलामागच्या वृद्ध गृहस्थांनी शांतपणे विचारलं, “कुठे चाललात? बाहेर पाऊस आहे.” शेवटी बुवांनी तिथून काय आणलं? सुकवलेल्या गोमांसाच्या पट्ट्या. शंभर रायफलींमागे एक टेबल त्या पट्ट्यांचं असतंच, आणि त्यांच्यावर तीनवर एक फुकट होतं.

आमच्या मराठी मंडळींतही हे लोण पोहोचलं आहे. ग्रीनकार्डवाल्यांना अडचण नाही, पण नोकरीच्या व्हिसावर आलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. अपवाद थोडे, त्यांतला सर्वांत सोपा म्हणजे चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. त्यामुळे आमच्या ओळखीच्या एका कट्टर शाकाहारी तरुणाने टेक्सासचं शिकार शिक्षण पुरं केलं. हरणाला गोळी नेमकी कुठे लागावी, ते पडल्यावर काय करावं, मांस किती तासांत थंड करावं, याची परीक्षा तो चांगल्या गुणांनी पास झाला. आदला दिवस एकादशीचा होता. आईला त्याने ‘वनखात्याचा कोर्स’ असं सांगितलं, आणि आईने सोसायटीत पेढे वाटले.

या छंदातली शेवटची बचत गोळ्यांची. तिच्यात पुण्यही आहे, कारण १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे गोळ्यांवरचा ११ टक्के अबकारी कर वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. बुवांनी हजार गोळ्यांची पेटी सेलमध्ये आणली तेव्हा शेजारीणबाईंनी विचारलं, रायफल नसताना गोळ्या कशाला? त्यावर ते म्हणाले, “हरणांसाठी.”

शेजारीणबाई फार बोलत नाहीत, याचं कारण माडीवर आहे. त्या गोधड्या शिवतात. ह्यूस्टनला दर वर्षी गोधड्यांचा मोठा आंतरराष्ट्रीय उत्सव भरतो आणि तिथून बाई जे कापड आणतात ते शिवायला आणखी दोन जन्म लागतील. तेही सवलतीतच आणलेलं. तिने गॅरेजात पाऊल टाकायचं नाही आणि याने माडी चढायची नाही, असा अलिखित तह आहे. या मंडळींत एक जुना विनोद चालतो, की बंदूकवाल्याला मरणाची भीती नसते; भीती असते ती आपण बायकोला सांगितलेल्या किमतीला ती आपल्या बंदुका विकून टाकेल याची. बुवांनी हा मला सांगितला तेव्हा माडीवरून आवाज आला, “माझ्या कापडाचंही तसंच आहे हो!”

मागच्या सुट्ट्यांच्या मोसमात बाईंनी मात्र तह मोडला. कोपऱ्यावरच्या दुकानाची जाहिरात घेऊन त्या गॅरेजात आल्या. तयार एआर-१५, कारखान्यात जोडलेली, हमीसह, ४४९ डॉलर. बुवांच्या नुसत्या सुट्या भागांचा खर्च, हत्यारं आणि दुर्बीण वगळून, अकराशेवर गेलेला. “ही घेऊन टाका,” बाई म्हणाल्या, “आणि मला गाडी आत लावू द्या.”

बुवांनी जाहिरात घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचली. मला वाटलं, आता ते दुखावतील. पण त्यांनी कागदावर आकडे मांडायला सुरुवात केली. चाप चांगल्या जातीचा, बाजारात त्याचेच १०० डॉलर. बोल्ट ११० चा. पुढची जाळी १३० ची. मध्यम गॅसची सोळा इंची नळी, म्हणजे नेमकी हवी होती ती, १७० ची. बेरीज ५१०. “म्हणजे,” बुवा उठत म्हणाले, “सुटं घेण्यापेक्षा ६१ डॉलर स्वस्त.”

त्याच दुपारी त्यांनी ती रायफल आणली. संध्याकाळपर्यंत ती पूर्ण खोलून झाली होती. हवे ते चार भाग काढून घेतले, त्यांपैकी तीन बसले. उरलेल्या सांगाड्याला आता नळी नाही, बोल्ट नाही, चाप नाही, पण ॲल्युमिनियम चांगलं आहे आणि नंबर कायदेशीर आहे, तेव्हा तो वाया घालवणं बरं नव्हे. अशा रीतीने बुवांकडे सध्या दोन अपुऱ्या रायफली आहेत, आणि दुसरीचे भाग तर, ते सांगतात, पहिलीपेक्षाही स्वस्त पडणार आहेत.